कोट्याने दर्जा घसरतो म्हणणाऱ्यांना आमचा सवाल : रग्बी लीग, खाणकामगारांची पोरे आणि विकत आणलेले खेळाडू

रग्बी लीग हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहत नाही. तेरा विरुद्ध तेरा, अंगावर अंग आदळणारा, उत्तर इंग्लंडच्या खाणी-गिरण्यांच्या गावांत वाढलेला हा खेळ. तरीही आम्ही त्यावर लिहितो आहोत, कारण तिथे सध्या पेटलेल्या वादातले एकेक वाक्य आपल्या कानांवरून हजार वेळा गेलेले आहे. 'ज्याच्यात दम असेल तो येईल वर.' 'गुणवत्तेशी तडजोड नको.' 'जागा राखून ठेवल्या की दर्जा घसरतो.' वाक्ये तीच, फक्त बोलणाऱ्यांचे हवामान थंड आहे.

वाद असा आहे. इंग्लंडच्या 'सुपर लीग' या व्यावसायिक स्पर्धेत प्रत्येक क्लबला बाहेर तयार झालेले किती खेळाडू घेता येतील यावर मर्यादा आहे. बरीच वर्षे हा आकडा सात होता. २०२६ च्या हंगामासाठी क्लबांनी तो दहावर नेला. मैदानात उतरतात तेरा, राखीव धरून सामन्याचा चमू सतरा जणांचा. त्या सतरांत दहा बाहेरून तयार होऊन आलेले असतील, तर विगन, लीह, कॅसलफर्ड, फेदरस्टोनच्या पोरांनी काय करायचे? तिकीट काढून बघायचे?

आमची बाजू आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. इथल्या पोरांसाठी जागा राखून ठेवल्याच पाहिजेत. पण 'परदेशी हटाव' या घोषणेत आम्ही एक क्षणही सामील होणार नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

हा खेळच मुळात बुडीत मजुरीच्या भांडणातून जन्मला

इतिहास माहीत नसला की मालकाची गोष्ट खरी वाटू लागते, म्हणून थोडा इतिहास.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये रग्बी एकच होती आणि तिची सूत्रे पब्लिक स्कूलमधून शिकलेल्या साहेब लोकांच्या हातात होती. त्यांचा नियम असा की खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत. ऐकायला किती उदात्त! पण शनिवारी सकाळपाळी करणारा कोळसा खाणीतला मजूर दूरच्या सामन्याला गेला, की त्याचा खाडा पडायचा आणि मजुरी बुडायची. ज्याच्या बापाची इस्टेट आहे त्याला 'हौशी' राहणे परवडते. ज्याच्या घरची चूल रोजंदारीवर पेटते त्याने हौस कुठून आणायची?

१८९३ साली यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी लंडनच्या सभेत ठराव मांडला की खेळाडूची बुडालेली मजुरी तेवढी भरून देऊ द्या. पगार नव्हे, बक्षीस नव्हे, फक्त बुडीत मजुरी. ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पाडण्यात आला. मग २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. दिवसाला सहा शिलिंगपर्यंत बुडीत मजुरी देण्याची मुभा त्यांनी दिली. तीच पुढे रग्बी लीग झाली.

यानंतर जुन्या रग्बीवाल्यांनी काय केले? जो लीग खेळला त्याला आपल्या मैदानावर कायमची बंदी. पैशाला हात लावला म्हणजे विटाळ झाला! हे सोवळे शंभर वर्षे चालले. १९९५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, त्याच रग्बी युनियनने स्वतः व्यावसायिक खेळ मान्य केला. तोवर किती मजुरांच्या पिढ्या बाहेर राहिल्या याचा हिशेब कुणी मांडला नाही, आणि माफीही मागितली नाही.

वाचकांना इथे पुण्याची आठवण होणे साहजिक आहे. त्याच दशकात पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला तरुण महिना चार रुपयांवर मैदानाची कामे करीत होता आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकत होता. पुढे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. गोलंदाजी त्यांची चालली, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात. आणि हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद? ते बाळूंना कधीच मिळाले नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते मिळायला १९२३ साल उजाडावे लागले. अंगमेहनत तुमची, कप्तानी आमची, हा नियम हडर्सफील्डपासून पुण्यापर्यंत एकच होता. हा नियम या लेखात पुढे पुन्हा भेटणार आहे.

बाहेरून आलेला खेळाडू आमचा शत्रू नाही

आता दुसरी बाजू. रग्बी लीगच्या इतिहासातली सर्वांत देखणी पाने बाहेरून आलेल्या माणसांनीच लिहिली आहेत.

बिली बॉस्टन हे कार्डिफच्या गोदीजवळच्या टायगर बे वस्तीतले. वडील सिएरा लिओनचे. कातडीचा रंग काळा असल्याने वेल्सच्या युनियन संघाचे दार आपल्यासाठी उघडणार नाही हे त्यांना दिसत होते. १९५३ मध्ये ते उत्तरेला विगनला आले आणि त्या एका क्लबसाठी त्यांनी ४७८ ट्राय केल्या. विगनच्या खाणकामगारांनी त्यांना डोक्यावर घेतले. राजदरबारची 'सर' ही पदवी मात्र त्यांना २०२५ साली मिळाली, आणि ती मिळालेले ते रग्बी लीगचे पहिले खेळाडू. १३० वर्षांच्या खेळात पहिले! मजुरांच्या खेळाला दरबारात किती किंमत आहे ते यावरून समजावे.

क्लाइव्ह सलिव्हन हेही कार्डिफचे. १९७२ साली विश्वचषक जिंकणाऱ्या ग्रेट ब्रिटनचे ते कर्णधार होते. ब्रिटनच्या कुठल्याही मोठ्या खेळात राष्ट्रीय संघाचे नेतृत्व करणारे ते पहिले कृष्णवर्णीय. हल शहरात शिरणारा रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. रॉय फ्रान्सिस हे वेल्समधूनच आलेले. त्यांनी हल आणि लीड्सचे संघ घडवले, प्रशिक्षक म्हणून, आणि तेही अशा काळात जेव्हा काळ्या माणसाच्या हाती संघ सोपवण्याचा विचारही इतर खेळ करत नव्हते. पापुआ न्यू गिनीच्या गोरोकाहून १९९६ मध्ये हल किंग्स्टन रोव्हर्सला आलेले स्टॅन्ली जीन हे तिथल्या लोकांचे लाडके झाले.

या माणसांनी इथल्या कुणाच्या ताटातले ओढून घेतले काय? उलट त्यांच्याच मातीने त्यांना नाकारले होते. जिथे माणुसकीने वागवतील तिथे जाण्याचा हक्क प्रत्येक कष्टकऱ्याला आहे, आणि तो हक्क आम्ही नाकारला तर आम्हाला बोलायला तोंड उरणार नाही. गाव सोडून शहरात आलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी तेच केले होते.

म्हणून आमचे भांडण ऑस्ट्रेलियाहून करार करून आलेल्या पंचवीस वर्षांच्या पोराशी नाही. तोही मजूरच आहे, गुडघा फुटला की त्याचीही किंमत शून्य. आमचे भांडण करारावर सही करणाऱ्या मालकाशी आहे.

बाजाराचे गणित

मालक बाहेरचा खेळाडू का आणतो? तो चांगला असतो म्हणून, असे आपल्याला सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे.

पोर घडवायला वेळ लागतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला वस्तीतल्या क्लबातून हेरायचे, त्याला मैदान, प्रशिक्षक, आहार, वैद्यकीय मदत द्यायची, शाळा सुटू द्यायची नाही, आणि सहा-सात वर्षे थांबायचे. दहातले आठ-नऊ वर येणारच नाहीत, हे धरून चालायचे. उलट तयार खेळाडू एका दुपारच्या फोनवर मिळतो. त्याच्या घडणीचा खर्च सिडनीच्या किंवा ऑकलंडच्या कुठल्यातरी वस्तीने आधीच केलेला असतो. म्हणजे जो 'दर्जा' विकत घेतला जातो, तोही कुठल्यातरी गरीब वस्तीच्या फुकट श्रमातूनच आलेला असतो!

आणि खरेच सर्वोत्तम माल येतो काय? सुपर लीगमध्ये एका क्लबच्या वेतनावर साधारण २१ लाख पौंडांची मर्यादा आहे, काही ठरावीक बड्या खेळाडूंसाठी सवलत धरून. ऑस्ट्रेलियाच्या 'एनआरएल' मधली मर्यादा याच्या दुपटीहून जास्त आहे. ज्याला तिथे पहिल्या फळीत जागा आहे तो ऐन उमेदीत इंग्लंडला कशाला येईल? मग बहुधा येतात ते कारकिर्दीच्या उताराला लागलेले किंवा तिथे करार न मिळालेले. काही अपवाद जरूर आहेत. विगनचे बेव्हन फ्रेंच आणि जाय फील्ड हे ऑस्ट्रेलियन खेळाडू खरोखरच डोळ्यांचे पारणे फेडतात. पण अपवाद दाखवून नियम झाकता येत नाही. उलट्या दिशेने मात्र इंग्लंडचे उत्तम खेळाडू जातात. ड्यूजबरीचे सॅम बर्जेस सिडनीला गेले आणि २०१४ चे विजेतेपद साउथ सिडनीला मिळवून देणाऱ्यांत अग्रभागी राहिले. कच्चा माल बाहेर पाठवायचा आणि तयार माल विकत घ्यायचा. हा व्यवहार कुणाच्या फायद्याचा असतो हे आपल्याला कापसाच्या इतिहासावरून नव्याने सांगायला नको. आणि योगायोग पाहा, त्या कापसाच्या गिरण्याही याच लँकेशायरातल्या!

नियमांतून पळवाटा काढण्यातही हे मालक तरबेज आहेत. २००३ मध्ये मारोस कोल्पाक या स्लोव्हाक हँडबॉलपटूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की युरोपीय संघाशी विशिष्ट करार असलेल्या देशांचे कामगार खेळात 'परदेशी' म्हणून मोजता येणार नाहीत. निकाल कामगाराच्या हक्काचा होता आणि तो योग्यच होता. पण क्लबांनी त्यातून काय शोधले? सामोआ, टोंगा, फिजी, पापुआ न्यू गिनी अशा देशांचे पारपत्र असलेला खेळाडू आणला की तो परदेशी कोट्यात धरला जात नाही! कामगाराच्या हक्काचे कलम मालकाच्या सोयीचे दार झाले. ब्रेक्झिटनंतर ते दार बंद झाले, तेव्हा मग कोट्याचा आकडाच वाढवून मागायला सुरुवात झाली.

यातली सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. बाहेरून आणलेला खेळाडू कुठल्या जागेवर खेळवला जातो ते पाहा. हाफबॅक, फुलबॅक, म्हणजे सामन्याची सूत्रे हलवणाऱ्या, कधी काय करायचे ते ठरवणाऱ्या जागा. मालकांची पहिली खरेदी तिथे असते. इथल्या पोराला पुढच्या फळीत अंग झिजवायला ठेवले जाते. अंगमेहनत तुमची, डोके दुसऱ्याचे. पळवणकर बाळूंच्या गोष्टीतला तोच नियम! आणि मग दहा वर्षांनी हेच लोक तोंड वर करून विचारतात की इंग्लंडमध्ये चांगले हाफबॅक का तयार होत नाहीत. अहो, ज्या खुर्चीवर बसूच दिले नाही ती चालवायला माणूस शिकणार कसा?

ग्रेट ब्रिटनने ऑस्ट्रेलियाविरुद्धची अ‍ॅशेस मालिका शेवटची जिंकली ती १९७० मध्ये. २०२५ मध्ये इंग्लंड आपल्याच मैदानांवर ती ३-० ने हरले. हे सगळे आयात खेळाडूंमुळेच झाले असे आम्ही म्हणत नाही. १९८३ मध्ये देशांतरावरची बंदी उठल्यावर आलेल्या ऑस्ट्रेलियनांनी इंग्लिश खेळाला सराव आणि शिस्त शिकवली, हेही खरे. १९८५ चा विगन विरुद्ध हल हा चॅलेंज कपचा अंतिम सामना, ब्रेट केनी आणि पीटर स्टर्लिंग यांच्यातली ती जुगलबंदी, जुने लोक अजून आठवतात. पण शिक्षक बोलावणे वेगळे आणि विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढून सगळे बाक शिक्षकांनीच अडवणे वेगळे.

पुरावा काय सांगतो?

'स्थानिक पोरांवर भर दिला तर क्लब हरेल' असे सांगितले जाते. चला, पुराव्यावर बोलू.

लीड्स ऱ्हायनोज. २००४ ते २०१७ या काळात या क्लबने सुपर लीगचे विजेतेपद आठ वेळा जिंकले. त्या संघाचा कणा होता केव्हिन सिनफील्ड, रॉब बरो, डॅनी मॅग्वायर, जेमी जोन्स-बुकॅनन, म्हणजे क्लबच्या स्वतःच्या शाळेत वाढलेली पोरे. रॉब बरो यांची उंची जेमतेम साडेपाच फूट. 'तयार माल' शोधणाऱ्या बाजाराने त्यांच्याकडे दोनदा पाहिले नसते. त्यांना लहानपणापासून पाहिलेल्या माणसांना मात्र ठाऊक होते की हा गडी कुणाच्या हाती लागणार नाही.

सेंट हेलेन्स. काचकारखान्यांचे गाव. २०१९ ते २०२२ सलग चार विजेतेपदे. जेम्स रोबी, जॉनी लोमॅक्स, जॅक वेल्सबी, मॅटी लीस ही सगळी आपल्याच अंगणात घडवलेली माणसे, सोबत मोजके, पारखून आणलेले बाहेरचे खेळाडू. फेब्रुवारी २०२३ मध्ये हा संघ ऑस्ट्रेलियात जाऊन पेनरिथ पँथर्स या तिथल्या विजेत्यांना १३-१२ असा हरवून आला. विजयाचा ड्रॉप गोल मारला लुईस डॉड या क्लबच्याच अकादमीतल्या हाफबॅकने. खुर्ची दिली, तर चालवता येते!

आणि ज्यांना हरवले ते पेनरिथ कोण? तेही याच वाटेने मोठे झालेले. २०२१ ते २०२४ सलग चार विजेतेपदे जिंकणारा हा क्लब पश्चिम सिडनीच्या कष्टकरी उपनगरांतला. जरोम लुआई, ब्रायन टोओ यांच्यासारखी पोरे माउंट ड्रुइटसारख्या, बातम्यांत फक्त गुन्हे आणि गरिबीसाठी येणाऱ्या वस्त्यांतून आली. क्लबने आपल्या भोवतालच्या वस्तीत पैसा ओतला आणि वस्तीने क्लबला चार मुकुट दिले.

आता उलट उदाहरण. टोरांटो वुल्फपॅक. कॅनडात क्लब काढला, पण त्यात कॅनडाचे खेळाडू शोधावे लागत. सगळा संघ बाहेरून आणलेला. २०२० च्या सुपर लीग हंगामासाठी न्यूझीलंडचे सॉनी बिल विल्यम्स यांना या खेळातल्या सर्वांत महागड्या करारांपैकी एक देऊन आणले. महामारी आली, पैसा आटला, आणि जुलै २०२० मध्ये क्लबने हंगाम अर्ध्यावर सोडला. संकट सगळ्यांवरच आले होते. पण ज्यांची मुळे वस्तीत होती त्यांना लोकांनी धरून ठेवले. टोरांटोच्या संघाला धरायला खाली जमीनच नव्हती.

'स्थानिक' म्हणजे नेमके कोण?

इथे आम्हाला आमच्याच बाजूने बोलणाऱ्या काही लोकांशी भांडायचे आहे. कारण 'आपल्या पोरांना संधी' ही घोषणा देणाऱ्यांत असेही लोक असतात ज्यांच्या मनातले 'आपले' फार अरुंद असते.

ब्रॅडफर्ड घ्या. १९९७ ते २००५ या काळात ब्रॅडफर्ड बुल्सने चार वेळा सुपर लीग जिंकली. या शहराच्या गिरण्यांत राबायला पाकिस्तान आणि भारतातून माणसे आणली गेली. त्यांची तिसरी-चौथी पिढी आज त्या शहरात आहे. मैदानाच्या हाकेच्या अंतरावर दक्षिण आशियाई कष्टकऱ्यांच्या वस्त्या आणि संघात त्यांचे पोर औषधाला नाही, असे चित्र वर्षानुवर्षे राहिले. लीड्सचे इकराम बट हे १९९५ मध्ये इंग्लंडकडून खेळले, रग्बीत इंग्लंडचे प्रतिनिधित्व करणारे ते पहिले मुस्लिम आणि पहिले दक्षिण आशियाई. नंतर त्यांनी या समाजातल्या मुलांसाठी संघटना उभी केली. पण त्यांच्यामागून रांग का लागली नाही? त्या पोरांत दम नव्हता, की त्यांच्या गल्लीत निवड करणारा माणूस कधी फिरकलाच नाही?

जन्माने, शिक्षणाने, घामाने जे तिथलेच आहेत त्यांना 'स्थानिक' म्हणून मोजायचे नाही आणि तीस हजार किलोमीटरची ये-जा करून खेळाडू आणायचे, हा कुठला न्याय? आपल्याकडेही साठच्या दशकापासून मुंबईत भूमिपुत्रांचे राजकारण झाले. त्या भूमिपुत्रांच्या यादीत गावकुसाबाहेरचा माणूस कधी मनापासून मोजला गेला काय, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

म्हणूनच रग्बी लीगच्या नियमातली एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. तो नियम रक्त, वंश किंवा पारपत्र विचारत नाही. एकविशीच्या आत तीन हंगाम तू इथल्या व्यवस्थेत घडलास काय, एवढेच विचारतो. तसे असेल तर तू इथला. सामोआच्या स्थलांतरिताचा मुलगा पेनरिथचा होतो, पाकिस्तानी गिरणीकामगाराचा नातू ब्रॅडफर्डचा होऊ शकतो. घडण ही कसोटी, जन्म नव्हे. जन्मावर माणसाची जागा ठरवणाऱ्या समाजातून आलेल्या आपल्याला या कसोटीचे मोल कुणी वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

राहिला प्रश्न मेरिटचा

राखीव जागांनी दर्जा घसरतो म्हणणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना एकच विचारतो. तुम्ही दर उन्हाळ्यात दोन महिने आयपीएल पाहता ना? तिथे सामना सुरू होताना अकरा जणांत परदेशी खेळाडू चारच असू शकतात. म्हणजे उरलेल्या सात जागा भारतीयांसाठी राखीव झाल्या! हा कोटा नाही तर काय आहे? २००८ पासून हा नियम आहे. त्याविरुद्ध कुणी मोर्चा काढला? कुणी काचा फोडल्या? कुणी म्हटले की आठवा परदेशी खेळाडू सातव्या भारतीयापेक्षा सरस असताना त्याला बाहेर बसवणे हा गुणवत्तेचा खून आहे?

कुणीच म्हटले नाही. कारण त्या सात जागांमुळेच छोट्या गावांतली पोरे जगातल्या बड्या गोलंदाजांसमोर उभी राहिली, शिकली आणि भारतीय संघाची ताकद वाढली. संधी मिळाली की गुणवत्ता तयार होते, हे क्रिकेटच्या मैदानावर सगळ्यांना कळते. कॉलेजच्या प्रवेशाची यादी लागली की मात्र अचानक कळेनासे होते. हा ढोंगीपणा आहे, आणि तो उघडा पाडण्यासाठी उत्तर इंग्लंडच्या एका खेळाची साक्ष काढावी लागली तरी आम्ही ती काढू.

मग करायचे काय?

नुसती टीका करून थांबणाऱ्यांतले आम्ही नाही. आमच्या मते हे व्हायला हवे :

१. सामन्याच्या सतरांत इथे घडलेल्या खेळाडूंची संख्या निम्म्याहून जास्त असलीच पाहिजे, आणि तो आकडा मालकांच्या मतदानावर सोडता कामा नये. ज्यांना कोट्याचा त्रास होतो त्यांनीच कोटा ठरवायचा, हा प्रकार बंद व्हावा.

२. बाहेरून आणलेल्या प्रत्येक खेळाडूमागे क्लबने ठरावीक रक्कम वस्तीतल्या क्लबांच्या निधीत भरावी. आणि ज्या बेटावरच्या किंवा उपनगरातल्या छोट्या क्लबाने त्या खेळाडूला लहानपणी घडवले, त्यालाही वाटा मिळावा. घडणीची मजुरी बुडवायची नाही. १८९५ चे भांडण याचसाठी होते.

३. अकादमी हा हक्क असावा, मेहेरबानी नव्हे. २०२१ मध्ये कॅसलफर्ड, ब्रॅडफर्ड आणि हल किंग्स्टन रोव्हर्स यांना वरच्या दर्जाच्या अकादमीचा परवाना नाकारण्यात आला होता. जी गावे खेळाला पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवत आली त्यांचीच दारे लावण्याचा असा विचार पुन्हा कुणाच्या डोक्यात येऊ नये.

४. अकादमीत घेतलेल्या प्रत्येक मुलाचे शिक्षण किंवा एखादा हुन्नर पूर्ण करून देणे क्लबवर बंधनकारक असावे. दहातले नऊ बाहेर पडणार हे माहीत असताना त्या नवांना रिकाम्या हाताने घरी पाठवणे ही फसवणूक आहे.

५. निवड करणाऱ्यांनी ज्या गल्ल्यांत आजवर पाऊल टाकले नाही तिथे जावे, आणि किती वेळा गेले त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा.

पापुआ न्यू गिनीच्या बाबतीतही हेच. २०२८ पासून त्या देशाचा संघ ऑस्ट्रेलियाच्या एनआरएलमध्ये खेळणार आहे आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियन सरकार दहा वर्षांत साठ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर घालणार आहे. चीनला प्रशांत महासागरातून दूर ठेवण्याचे राजकारण यामागे आहे, हे कुणापासून लपलेले नाही. जिथे रग्बी लीग हा राष्ट्रीय खेळ आहे, त्या देशाच्या नावाने संघ उभा राहतो ही आनंदाची गोष्ट. तिथल्याच खेळाडूंचा पीएनजी हंटर्स हा संघ २०१७ मध्ये क्वीन्सलँड कप जिंकून बसला आहे, म्हणजे दम आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. नव्या संघात गोरोका आणि माउंट हेगनची पोरे किती आणि सिडनीहून आणलेली नावे किती, हाच त्या साठ कोटींचा खरा हिशेब असेल.

आणि हा हिशेब आता आपल्या दारातही मांडावा लागणार आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात सात-सात जणांच्या रग्बीची 'रग्बी प्रीमियर लीग' भरली. सहा शहरांचे संघ, उद्योगपतींचा पैसा, जगभरातून आणलेले नामांकित खेळाडू आणि त्यांच्या सोबतीला भारतीय खेळाडू. खेळ वेगळ्या घराण्यातला, पण प्रश्न तोच. परदेशी खेळाडूंचे स्वागतच आहे, त्यांच्याकडून शिकावे तेवढे थोडे. पण त्या मैदानापासून काही मिनिटांवर जोगेश्वरी-अंधेरीच्या झोपडपट्ट्या आहेत. तिथल्या किती मुलामुलींच्या हाती तो चेंडू पोहोचला? आदिवासी आश्रमशाळांत, नगरपालिकेच्या शाळांत तो जाणार आहे काय? की त्या पोरांनी फक्त स्टेडियमबाहेर झेंडे विकायचे?

मित्रहो, हडर्सफील्डच्या मजुरांनी १८९५ मध्ये दया मागितली नव्हती. बुडालेली मजुरी मागितली होती, आणि नाकारल्यावर स्वतःचे मैदान उभे केले होते. आपल्या वस्तीतल्या पोरासाठी जागा मागताना आपणही मान खाली घालण्याचे कारण नाही. ती भीक नाही, तो हिशेब आहे. तो चुकता होईपर्यंत आम्ही मागत राहू.

जय भीम!